रोज सुधारणारी पावडर

मी रोंगमेईला फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "वेगळं राहण्याचा हा आपला शेवटचा हिवाळा."

रोंगमेई माझी बायको. ती चीनच्या दक्षिण टोकाला नाननिंगमध्ये, बालवाडीत शिकवते. मी उत्तरेला चांगछुनमधल्या एका प्रयोगशाळेत, जिथे बाहेरून आलं की नाक जागेवर आहे का ते आधी चाचपून बघावं लागतं. लग्नानंतर आमचा संसार बहुतेक फोनच्या पडद्यावरच झाला. ती तिकडे शेवया खाते, मी इकडे बघतो.

पाण्यातून हायड्रोजन काढायला प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक नाही, पण ते परवडतं कुणाला? मी निकेल आणि मॉलिब्डेनमचे अतिसूक्ष्म कण बनवले होते. भट्टीत असे भाजलेले, की दोन्ही धातूंचे अणू शहाण्या मुलांसारखे ठरल्या जागी रांगेने बसावेत. प्लॅटिनम नावालाही नाही. तरी आम्ल मिसळलेल्या पाण्यात वीज सोडली की पावडर प्लॅटिनमच्या तोडीचं काम करत होती, आणि रोज कालच्यापेक्षा जास्त. जगात सगळं वापरून झिजतं, माझी पावडर वापरून सुधारत होती. शंका इथेच यायला हवी होती. पण बायको इतकी लांब असली की माणूस शंका घ्यायच्या भानगडीत पडत नाही.

"नाननिंगच्या विद्यापीठात जागा निघालीये," मी तिला म्हणालो. "हे निकाल बघून ते मला नाही म्हणूच शकत नाहीत."

तिने आईला सांगितलं, "त्याची पावडर अगदी प्लॅटिनमसारखी आहे." सासूबाईंनी ऐकलं, जावई प्लॅटिनम बनवतो. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन.

"जावईबापू, माझ्या बहिणीला बांगडी हवीये. रोज घालण्यातली, जाड नको."

"आई, ती काळी भुकटी आहे. काजळीसारखी."

"असू दे. सोनाराकडून उजळून घेऊ."

आठवडाभरात एका चुलत मेहुणीची कानातली आणि शेजाऱ्यांच्या मुलाची साखरपुड्याची अंगठी माझ्या नावावर लागली. सासूबाईंनी आमच्यासाठी मागची खोलीही रंगवून घेतली. मी अर्ज पाठवायला बसलो.

तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख पांग मॅडम दौऱ्यावरून परतल्या. पावडरीचा रोज चढत जाणारा आलेख बघून त्या खूश झाल्या नाहीत.

"विजेच्या दुसऱ्या टोकाला कसली तार लावलीस?"

"प्लॅटिनमची. नेहमीचीच."

त्यांनी ती आम्लातून बाहेर काढली. नवी असताना जाडजूड होती, आता उपाशी माणसासारखी दिसत होती.

"ही काढ. कार्बनची कांडी लाव. आणि पावडर ताजी घे."

मी लावली. आलेख असा आडवा झाला, जसा जेवणानंतर आमचा चौकीदार. तारेतलं प्लॅटिनम विरघळून रोज थोडंथोडं माझ्या पावडरीवर जाऊन बसत होतं, आणि कौतुक पावडरीचं चाललं होतं. म्हणजे सगळ्या खानदानात खरं बोलल्या त्या एकट्या सासूबाई. माझ्याकडे प्लॅटिनम होतं.

"होतं असं," पांग मॅडम म्हणाल्या. "अर्ज पाठवला नाहीस ना?"

"नाही."

"मग नशीबवान आहेस."

मला तसं वाटलं नाही. रविवारी रोंगमेईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे येत नाहीस."

"वसंतोत्सवाला येतो ना. नवीन वर्षाची सुट्टी आहे."

ती म्हणाली, "शाळेतून आले की मी त्या खोलीत जाते, रंग वाळलाय का बघायला. तो केव्हाच वाळलाय."

मी काहीतरी बोलणार, तोच फोन सासूबाईंच्या हातात गेला. "जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. पण भरल्या घरात खोली रिकामी ठेवणं बरं नाही. बहिणीला राहायला बोलावलंय."

वसंतोत्सवाला गेलो. मावशींनी दार उघडलं, आधी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग आत जाऊन खोलीचं दार लावून घेतलं. आम्ही दोघं बैठकीत चटई अंथरून बसलो. फोन बंद होता, पडदा नव्हता, आणि इतक्या जवळून काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना.

"शेवया खाणार?" रोंगमेईने विचारलं.