नामदेवदादा आणि कौलाखालच्या गोळ्या

हौसाकाकीच्या पायांत मी चपलांची जोडी कधी पाहिली नाही. हत्तीरोगानं डावा पाय एवढा सुजलेला, की त्यात चप्पल जातच नसे. उजव्या पायाची तेवढी घालून ती भाताच्या रोवणीला जाई. "हत्तीण आली गा" म्हणणारेही होते. तिचा मुलगा नामदेव, आमचा शेजारी, आज हत्तीरोगाचा मोठा संशोधक आहे. दिल्लीत सरकारला सल्ला देतो. पण आमच्या गावात, केशोरीत, त्याची ओळख एकच: हा माणूस आधी पाय पाहतो, मग तोंड.

सडक अर्जुनीला स्वतःसाठी मुलगी पाहायला गेला, तेव्हाही नजर तिच्या पावलांवर. मुलीचे वडील खूश, "पोरगा लाजाळू आहे." लाजाळू पोरानं पहिलाच प्रश्न विचारला, "घरी मच्छरदाणी लावता का?"

दुसरी खोड गोळ्यांची. हत्तीरोगाच्या गोळ्या वर्षातून एकदा सगळ्यांनीच खायच्या, धडधाकट माणसानंही. आमचे लोक म्हणत, "मले का झालं? ठेव, जेवून खाईन." एका उन्हाळ्यात दादा सुट्टीवर आला नि घर फेरायला, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट लावायला, छपरावर चढला. कौल उचललं तर खाली गोळ्याच गोळ्या! ठेवणारी? त्याचीच माय.

"काऊन वो माय?"

"तुनं धाडल्या म्हून जपून ठेवल्या, बापा."

दादा छपरावर बसून हसत राहिला. त्याच्या पुढच्या सगळ्या संशोधनाचं सार तिथंच निघालं: गोळ्या नुसत्या वाटू नका, समोर गिळायला लावा. दिल्लीच्या बैठकांत तो हेच सांगे आणि गावात स्वतः दारोदार फिरे. सरपंचालाही सोडलं नाही, "आ करा!" मी आमच्या घराण्यातली पहिली बीए. मोठ्या अभिमानानं निकाल सांगायला गेले, तर म्हणाला, "छान. गोळी खाल्ली का? आ कर."

यंदा मी शिकवते त्या शाळेत पहिली-दुसरीच्या लेकरांचं रक्त तपासलं. त्यांच्यात रोग निघाला असता, तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. निकाल कळताच मी दादाच्या घरी धावले. तो अंगणात मायचा सुजलेला पाय धूत होता. गावी आला की हे काम तो कोणालाच देत नाही. साबण लावतो, बोटांच्या बेचक्या हळूच कोरड्या करतो.

मी सांगितलं. त्याचे हात थांबले.

"माय, लेकरं सुटली वो."

"मंग माहा पाय?"

"तो नाही उतरत आता."

काकीनं पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहू दे. धुवाले त येत जाशील नं?"

दादानं मान खाली घातली नि धुतलेल्या पायाला पुन्हा साबण लावला.

आमच्या शाळेतल्या एकाही लेकराच्या रक्तात हत्तीरोग सापडला नाही.