मधल्या बुवांचं पान

इकडे परदेशात, टॅम्पिनीसला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे वर्तककाका दर सर्वपित्री अमावास्येला एका ऑस्ट्रियन संगीतकाराचं पान मांडतात.

हा गृहस्थ जाऊन अडीचशे वर्षं तरी झाली. त्याच्या आधीचे संगीतकार भारदस्त, गुंतागुंतीचं रचायचे. नंतरचे सुटसुटीत, मोकळं. हा त्यांच्या मधला. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याचं नाव काकांना ठाऊक आणि आता मला. काका त्याला नुसतं ‘बुवा’ म्हणतात.

काका जहाजावर इंजिनिअर होते. कुठल्याशा बंदरात त्यांना बुवांची कॅसेट मिळाली आणि इंजिनाच्या धडधडीत त्यांनी ती वर्षानुवर्षं ऐकली. काकू गेल्यापासून एकटेच असतात. दुपारी त्यांच्या खिडकीतून ते बारीक, टिचक्या मारल्यासारखे सूर खाली येतात आणि घरून काम करता करता माझी मीटिंग कुठल्या कुठे विरघळून जाते.

“मधल्यांना विचारतो कोण?” हे त्यांचं पालुपद. एमआरटी मेट्रोत ते मधल्याच डब्यात चढतात. केळ्यांच्या फणीतलं मधलं केळं आधी खातात, त्यालाही बरं वाटावं म्हणून.

यंदा त्यांनी मला जेवायला बोलावलं. लिटिल इंडियाच्या बाजारातून केळीची पानं आणि अळू आणलं होतं. एका बाजूला वडिलांचं पान, दुसऱ्या बाजूला काकूंचं, मधे बुवांचं. बुवांची खिरीची वाटी जरा मोठीच होती. पक्ष्यांना खायला घालायला इथे बंदी, म्हणून पानं खिडकीच्या आत. कावळ्याऐवजी साळुंकी चालते, हा काकांचा स्वतःचा निर्णय. बुवांचं संगीत लावून आम्ही बसून राहिलो. किती वेळ गेला कळलं नाही. मग एक साळुंकी कठड्यावर आली, मान वाकडी करून थांबली आणि उडून गेली.

“पावले बुवा,” काका म्हणाले.

मला हसू आलं. जेवताना विचारलं, हे बुवा तुमच्या पितरांत कसे?

“त्यांच्यामागे कुणी नाही गं.” काका खीर ढवळत राहिले. “मी नसलो की मांडशील का त्यांचं पान?”

विचारत होते बुवांसाठी. पण काकांनाही मूलबाळ नाही, हे मला तेव्हा आठवलं.

“चार मांडीन,” मी म्हणाले.

काकांनी मान वर केली नाही. समोरच्या तीन पानांवरून त्यांचं बोट हळूहळू फिरलं आणि बुवा नि काकूंच्या पानांमधल्या जागेवर थांबलं.

“चार म्हणजे मधे दोघं येणार,” ते म्हणाले. “बुवांना सोबत झाली.”