इंजिनाची खांदशेकणी

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला जगातलं काहीही लिहिता येतं, अशी माझी खात्री होती. म्हणून अमरावतीच्या मोतीरामजींनी दुकानात नोकरीला येऊन पाणी उपसायच्या इंजिनाचं माहितीपुस्तक लिहाल का विचारलं, तेव्हा मी इंजिन न बघताच हो म्हणालो!

आधीचं पुस्तक दुकानातल्याच हरिहरराव इंजिनिअरांचं. त्यांना इंजिनाचा खिळा न् खिळा ठाऊक. पण पहिल्याच पानावर ज्वलन, संपीडन आणि उष्णताविनिमय! शेतकरी त्या पानांनी विड्या पेटवत.

मी लिहिलं, ‘इंजिन म्हणजे तुमचा बैलच समजा. त्याला जीव लावा.’

हरिहररावांनी वाचून कपाळाला हात लावला. "यात इंजिन कुठं आहे?"

"भावना आहे," मी म्हटलं.

मोतीरामजी खूश झाले. "पण एकबी इंजिन वापस आलं, त तुमी घरी," असंही म्हणाले.

ऐन पोळ्याच्या दिवशी बडनेऱ्याजवळच्या केशरबाईंचा निरोप आला. संत्र्याच्या बागेतलं इंजिन बंद पडलंय, वापस घेऊन जा. हरिहररावांना घेऊन धावलो.

विहिरीवर इंजिन नवरदेवासारखं उभं होतं. झेंडूच्या माळा, वर बाशिंग, अंगभर हळद.

"हे काय केलं, बाई?" हरिहरराव म्हणाले.

"पोयाच्या आदल्या दिशी बैलाची शेकतो तशी काल खांद शेकली त्याची. पयसाच्या पानानं हयद-तूप लावलं. आवतनबी देलं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. बैलच समजा म्हून तुमच्याच पुस्तकात हाय ना? अन् आज जेवाच्या टायमाले हे बसलं रुसून."

हळद-तुपानं हवेची जाळी गच्च बुजली होती. हरिहरराव समजावू लागले, "वायुप्रवेश अवरुद्ध झाल्यानं संपीडनास आवश्यक..."

"काय बोलून राहिले हे?" केशरबाईंनी मला विचारलं.

मला तरी कुठं कळलं होतं! मी हरिहररावांना बाजूला घेतलं. "ही जाळी असते कशाला?"

"इंजिन तिथून हवा घेतं."

इंजिनाबद्दल मी विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मी केशरबाईंकडे वळलो. "खांद शेकताना बैलाच्या नाकात तूप घालता का?"

"नाई बा! जीव जाईन त्याचा."

"हे याचं नाक."

केशरबाईंनी जीभ चावली. हरिहररावांनी जाळी रॉकेलनं धुतली, हँडल मारलं आणि इंजिन धडधडू लागलं. "राहू द्या आता याले इथंच," केशरबाई म्हणाल्या. माझी नोकरी वाचली.

परतताना एसटीत आम्ही दोघांनी भांडत भांडत नवं पुस्तक लिहिलं. त्यांचं मी खोडायचं, माझं त्यांनी. ‘हे इंजिनाचं नाक, इथं तूप नको’ यावर मात्र दोघांचं एकमत झालं. त्या हंगामात पार अकोल्यापर्यंत आमची इंजिनं खपली आणि एकही वापस आलं नाही. मोतीरामजींनी पुस्तकावर दोघांची नावं छापली. मला आकाश ठेंगणं झालं.

पुढच्या पोळ्याला केशरबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि साऱ्या गावासमोर म्हणाल्या, "पुस्तकवाले साहेब, आज इंजिन तुमीच चालू करा."

मी ऐटीत बाह्या सारल्या. हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. घामाघूम झालो, इंजिन ढिम्म. हरिहरराव संत्र्याच्या झाडाकडं फार लक्ष देऊन बघत होते.

केशरबाई घरात जाऊन पुस्तक घेऊन आल्या. "हे वाचा ना, साहेब. लय सोपं लिवलं हाय."

पहिलीच ओळ होती, ‘आधी डिझेलचा कॉक उघडा.’

उघडला. इंजिन सुरू झालं, गावानं टाळ्या वाजवल्या. ओळ माझीच होती, आणि खरंच सोपी होती.