गुलाबी नवरदेव आणि तेरावी ओळ

मी भागवत. शेलूबाजार ते मंगरूळपीर या पट्ट्यातला एकमेव खाजगी गुप्तहेर. एकमेव, कारण दुसऱ्या कुणाला हे अजून सुचलेलं नाही. नजर घारीची, कान सशाचे. डोक्याबद्दल आईचं मत वेगळं आहे, पण ती साक्षीदार म्हणून भरवशाची नाही. वय चौतीस, अविवाहित. तपास करताना मी शुद्ध बोलतो; संशयित बिचकतात.

गुरुवारी सकाळी राखीचा फोन आला. स्टँडसमोर तिचं कॉम्प्युटर सेंटर आहे. समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं वेबपेज तिनं बनवलं होतं. एक ओळ मुलीची, एक मुलाची. मुलगी गुलाबी, मुलगा निळा.

"भागवतभाऊ, लवकर या! पोरं गुलाबी झाले!"

मी पोचलो तेव्हा समितीचे अध्यक्ष जानरावकाका खुर्चीत धुमसत बसले होते.

"बाराव्या ओळीपर्यंत बरोबर हाये," राखी म्हणाली. "तेराव्यापासून सगळं उलटं. पोरी निळ्या, पोरं गुलाबी."

"लोक नाव वाचतेत काय? रंग पाह्यतेत अन् फोन लावतेत," जानरावकाका कडाडले. "मानोऱ्याच्या शिवमले कालपासून चार फोन आले. चारही पोरांच्या बापाचे! एकानं इचारलं, सैपाक येते का?"

"मग?"

"थो पोरगा 'येते' म्हणला. आता थो बाप मागं हटूनच नाही राह्यला!" काका राखीकडं वळले. "रविवारी मंगरूळपीरले मेळावा हाये. आज संध्याकाळपर्यंत नाही सुधरलं तं हे बंद. पयल्यासारखं पुस्तक छापतो."

राखीचा चेहरा उतरला. तिचं हे पहिलंच मोठं काम. तीन आठवडे ती त्यावर राबली होती.

"काळजी नसावी," मी म्हणालो. "तेरावी ओळ. तेराव्यालाच का? इथं कुणीतरी गेलेलं आहे."

मी तेराव्या ओळीतल्या मुलीच्या घरी फोन लावला आणि थेट वर्मावर बोट ठेवलं. "तुमची मुलगी निळी कशी पडली?" तिच्या बापानं उत्तरादाखल माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. मी वहीत नोंदवलं: संशयित चिडखोर.

"भाऊ, रंग मी हातानं नाही देत," राखी कळवळून म्हणाली. "जेक्वेरी नावाची तयार कोडची लायब्ररी हाये. थे ओळी मोजते. विषम ओळीले गुलाबी, सम ओळीले निळा. मले वाटते लायब्ररीतच काई..."

लायब्ररी! एवढा धागा मला पुरे होता. पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. पाच मिनिटांत मी गावच्या वाचनालयात सोजरबाईंसमोर उभा होतो.

"जेक्वेरी कुठं आहे?"

"लेखक कोण?"

"तेच शोधतोय."

"आंदी शेळीपालनाचं पुस्तक आणून द्या. दोन वर्सं झाले नेऊन."

साक्षीदार फितूर होता. मी घाईनं परतलो आणि दार लावून घेतलं.

"प्रकरण उलगडलं. खोलीत आपण किती? तीन. विषम! म्हणजे इथं एक माणूस जास्तीचा आहे."

"हाये ना," जानरावकाका म्हणाले. "तूच."

एवढ्यात दार वाजलं. डबा घेऊन आई आली होती. मी न जेवताच निघालो होतो. डबा टेबलावर ठेवून तिनं कॉम्प्युटरच्या पडद्याकडं पाहिलं आणि राखीच्या कानाशी वाकली. आईची कुजबूज रस्त्यापलीकडं ऐकू जाते.

"राखी, माह्या भागवतचं नाव दिसून नाही राह्यलं ना वं?"

राखीनं कपाळावर हात मारला.

"काकू! तुमीच तं म्हणल्या, नाव टाकून ठेव, पण त्याले इचारल्याबिगर दाखवू नोको. मी ओळ टाकली अन् लपवली. आपल्याले दिसत नाही, पण थे लायब्ररी लपलेली ओळही मोजते! भागवतभाऊ तेरावे. म्हून खालचे सगळे एक-एक घर सरकले!"

गुन्हेगार सापडला होता. तो माझ्याच चपला घालून उभा होता.

राखीनं मोजणीच काढून टाकली. मुलगी असेल तर गुलाबी, मुलगा असेल तर निळा. ओळ कितवी का असेना. दोन मिनिटांत शिवम निळा झाला. काकांनी खालपर्यंत पाहिलं, पुन्हा वरपर्यंत पाहिलं, आणि म्हणाले, "पुस्तक राहू दे." राखी हसता हसता डोळे पुसू लागली.

"आता इचारतेच," आई मला म्हणाली. "दाखवू काय तुले?"

माझे कान तापले. मी लपलेली ओळ उघडायला लावली. आईनं लिहवून घेतलं होतं: शिक्षण बी.ए. व्यवसाय: शोधत असतो.

शुद्ध भाषा मला ऐनवेळी सोडून गेली. "दाखव वं माय," मी म्हणालो.

शुक्रवारी दुपारी एक अनोळखी नंबर वाजला.

"मी वर्षाराणी, मंगरूळपीरहून बोलून राह्यली. शोधत असतो म्हंजे काय? काम शोधता काय?"

"नाही. गुप्तहेर आहे मी."

"अस्सं! मंग आतापर्यंत काय काय सापडलं?"

खोटं बोलणार होतो, पण जीभ वळली नाही. मी तिला कालची अख्खी केस सांगितली. "म्हणजे," मी शेवटी म्हणालो, "अजून तरी फक्त मीच सापडलो."

पलीकडं ती इतकी हसली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"रविवारी मेळाव्याले या," ती म्हणाली. "अन् आईले संगं आणा. कोणाले तं काई दिसलं पायजे!"