भट्टी कुणाची मोठी?

माझं शरीर म्हणजे भट्टी आहे, असं मी मैसूरात निदान दोनशे माणसांना सांगितलं असेल. पोटात पडलं की जळालं! गणिताचा मास्तर म्हणून निवृत्त झालो तरी माझी कंबर तिसाच्या पुढे सरकली नाही. रोज तळ्याला चार फेऱ्या मारतो आणि साखरेला शिवत नाही. अकरा वर्षं आमच्या घरात साखर नाही. बायको, म्हणजे गिरिजम्मा, पहिली दोन वर्षं कुरकुरली. मग गप्प बसली. शिस्त!

आणि मग आला माझा मेहुणा, रुद्रप्पा. स्वतःच्या घराची दुरुस्ती होईपर्यंत म्हणून आला आणि आमच्या सोफ्यावर सिमेंटच्या पोत्यासारखा पडला तो पडलाच. वजन एकशे सहा किलो! हालचाल म्हणाल तर फक्त घशाची. जेवताना नाचणीचे तीन उंडे सांबारात बुडवून न चावता गिळायचा आणि वर हात पुढे करायचा, "ताई, अजून एक?"

"कशाला हवाय चौथा?" मी एकदा कडाडलो. "दिवसभर लोळतोस! अंगात जळतं काय तुझ्या? म्हैससुद्धा निदान शेपटी हलवते!"

"दाजी, लोळतानाही शरीर काम करतंच की," तो उताणा पडूनच म्हणाला. "काळीज चालतं, डोकं चालतं..."

"डोकं? तुझं?"

गिरिजम्मानं पळी आपटली. "तुमची ती विद्यार्थिनी, डॉक्टर सुमंगला, तिच्याकडे हे मोजायचं यंत्र आहे ना? मग जा दोघं. पडल्या पडल्या ज्याचं कमी जळेल, त्याचा एक उंडा बंद!"

"मंजूर!" मी मांडीवर थाप मारली. बिचाऱ्याची कीवच आली मला.

सुमंगलाची अट एकच होती. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. आता, असले नियम ढ मुलांसाठी असतात. कोळसा न टाकता भट्टीची आच मोजायची? शिवाय अन्न पचवायलाही शरीर खर्च करतं, हे मी वाचलेलं. म्हणून सकाळच्या फेऱ्या झाल्यावर मी दोन पेले उसाचा रस आणि एक प्लेट वाफाळता, गोडमिट्ट केसरीभात आत सारला. निव्वळ विज्ञानासाठी!

"तोंडावर हा पारदर्शक घुमट ठेवते," सुमंगला म्हणाली. "श्वासातून किती प्राणवायू वापरता, त्यावरून शरीराचा खर्च कळतो. फक्त निवांत पडायचं."

दवाखान्यात पंच म्हणून आलेली गिरिजम्मा स्टुलावर बसली. आधी रुद्रप्पा. निवांत पडणं ही तर त्याची जन्माची साधना! पाच मिनिटांत घोरायला लागला. सुमंगलाला त्याला तीनदा हलवून जागं करावं लागलं. मग मी पडलो, विजयी मुद्रेनं.

कागद बाहेर आले. "रुद्रप्पा नुसते पडून राहिले तरी दिवसाला एकोणीसशे चाळीस कॅलरी जाळतील," सुमंगला म्हणाली. "सर, तुम्ही चौदाशे."

"उलटं वाचलंस!"

"नाही सर. मोठ्या घराला दिवेही जास्त लागतात."

"दिवे? हे घर नाही, गोदाम आहे! माझी चाल मोज, चाल!"

तोंडाला मुखवटा लावून मी कोपऱ्यातल्या सरकत्या पट्ट्यावर असा चाललो, की घामानं पट्टा निसरडा झाला.

"तासभर असं चाललात तर साधारण सव्वादोनशे," सुमंगला हळूच म्हणाली. "म्हणजे एक डोसा, चटणीसकट. दिवसाचा मोठा खर्च बसल्याजागीच होतो, सर. काळीज, यकृत, मेंदू..."

"मी तेच म्हणत होतो," रुद्रप्पा अदबीनं म्हणाला.

माझं टाळकं सटकलं! "यंत्र भंगार आहे! गणितात नापास व्हायचीस ती आता यंत्रावर नापास होतेयस!"

"यंत्र ठीक आहे, सर."

"पुरावा?"

"राहू दे ना, सर."

"नाही! सगळ्यांसमोर सांग!"

तिनं मान खाली घातली. "श्वासातल्या वायूंवरून शरीर आत काय जाळतंय, तेही दिसतं. रुद्रप्पांचा उपास खरा आहे. ते बहुतेक चरबी जाळतायत. तुम्ही मात्र... साखर जाळताय. भरपूर. सकाळी काही गोड खाल्लंत का?"

"साखर?" गिरिजम्मा स्टुलावरून उठली.

"जुनी असेल," मी म्हणालो. "अकरा वर्षांपूर्वीची."

"काय खाल्लंत?"

"केसरीभात. लहान प्लेट."

"आणि?"

"रस."

"आजच? की अकरा वर्षांत किती वेळा?"

गणिताच्या मास्तराला आकडा विचारला होता. मी बोटं मोजायला घेतली, ती संपली.

गिरिजम्मा शांतपणे पिशवी उचलून आम्हाला समोरच्या हॉटेलात घेऊन गेली. वेटर आला. तिनं स्वतःसाठी लोणी घातलेला डोसा सांगितला, रुद्रप्पाला दोन सांगितले, दोघांना बदामाचं दूध सांगितलं.

"आणि साहेबांना?"

"त्यांना पाणी दे," ती म्हणाली. "त्यांचं अजून जळतंय."