क्लॅरेन्सचं पिंप

अमेरिकेतल्या शेबॉयगन गावी चर्चच्या सहलीत फादर अलॉइस बिअरनं नखशिखांत न्हाले, असं लोक म्हणतात. तर असं काही झालेलंच नाही. फादरांना विचारा, तेही नाहीच म्हणतील. फक्त त्यांच्या झग्यावर एवढ्या माश्या का बसतात, ते विचारू नका!

झालं ते एवढंच. लायल डेटमनला लोरेनशी लग्न करायचं होतं. लोरेनच्या वडिलांचा, ऑर्विलचा, उभा जन्म बिअरच्या कारखान्यात गेलेला. पहिल्याच भेटीत लायलनं छाती फुगवली. "काका, घरी बिअर बनवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!"

"असं? मग सहलीला तुझं पिंप आण. एक ग्लास पितो, मग लग्नाचं बोलू."

लायलनं तोवर घरी फक्त अंडं उकडलं होतं. तेही फुटलं होतं.

बरं, कुणाला विचारावं तर लाज! मग बिअरच्या सामानाच्या दुकानात जाऊन तो मालकीणबाईंना, बर्नडीनमावशींना म्हणाला, "माझा एक मित्र आहे, क्लॅरेन्स. जरा मठ्ठ आहे. तो विचारतो, यीस्ट मेलंय की झोपलंय, हे कसं ओळखायचं?"

मावशींनी प्रेमानं सांगितलं.

"क्लॅरेन्स विचारतो, पिंपाला दोन तोंडं कशाला?"

"एकातून गॅस आत, दुसऱ्यातून बिअर बाहेर."

"क्लॅरेन्सला उलटं वाटत होतं. आणि बुडबुडे कुठून आणायचे?"

या प्रश्नावरून त्या गावात सख्खे भाऊ वेगळे झालेत! मावशी म्हणाल्या, "पिंपात साखर घाल. बाकी काही नको." मागचं गिऱ्हाईक खेकसलं, "साखर काय? खीर आहे? गॅस सोड!" तिसरा म्हणाला, "गॅस सोडून पिंप पायाखाली लाटायचं. पोळीसारखं!"

लायल त्या मुलखातला सभ्य पोरगा. तिथं कुणी वाढलेलं ताटात टाकत नाही. त्यानं तिघांचाही मान राखला. साखर घातली, गॅस सोडला आणि दिवसभर पिंप लाटलं. वर उघड्या गाडीतून, उन्हातून मिरवत नेलं. उतरवताना पिंप गुरगुरत होतं.

नळ उघडायचा पहिला मान फादरांचा. त्यांनी आशीर्वाद पुटपुटत नळ दाबला आणि... फूस्स! फादर दिसेनासे झाले. सॉसेजची शेगडी विझली. बँडच्या भोंग्यात बिअर भरली. वाजवणारा वाजवायचं सोडून चवीचवीनं ओढत बसला.

सगळ्यांनी लायलकडे पाहिलं. खरं बोलायची हीच वेळ होती. तोंड उघडलं तर शब्द निघाले, "हे क्लॅरेन्सनं केलं!"

"अगं बाई! बिचारा कुठंय?" मावशी धावत आल्या. "मी त्याच्यासाठी पिंप घासायचा ब्रश आणलाय."

"तो... लाजून घरी गेला."

ऑर्विलनी मिशीवरचा फेस चाटला. डोळे मिटले. पुन्हा चाटला. "चव झकास आहे. कोण हा क्लॅरेन्स?"

"फार गुणी हो!" मावशी म्हणाल्या. "कळत नाही ते सरळ विचारतो. लाजत नाही."

"आम्हीही असेच भिजून शिकलो," ऑर्विल गहिवरले. मग लायलकडे वळले. "आणि तू रे? मित्राला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडतोस? शरम नाही वाटत?"

वाटत होती. इतकी की कानांवर सॉसेज भाजता आले असते.

"काका, क्लॅरेन्स म्हणजे... मीच."

"वा! आता चव आवडली म्हटल्यावर त्याचं श्रेयही लाटतोस?" ऑर्विलनी पाठ फिरवली. "लोरेन, त्या क्लॅरेन्सचं लग्न ठरलंय का, बघ गं!"

"बघते, बाबा," लोरेन म्हणाली. हसलीसुद्धा नाही, बया!

सबब, खाली सही करणार लायल डेटमन यांची संबंधितांस नम्र विनंती की, श्री. क्लॅरेन्स हे हयात नसून यापूर्वीही कधी नव्हते याची नोंद घेण्यात यावी, आणि त्यांच्या नावे होऊ घातलेला साखरपुडा अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावा. ब्रशसह.