थेंबभर थुंकी

चांदूर रेल्वे गावातल्या आरोग्य शिबिरात रूपाली सिस्टरने नवं यंत्र आणलं, तेव्हा शकुनबाई भाजीचं दुकान नवऱ्यावर टाकून रांगेत उभी राहिली. यंत्र मोबाइलएवढं. थेंबभर थुंकी पट्टीवर टाकायची; बाईच्या छातीत कॅन्सरची शंका असली तर लाल दिवा. यंत्र अजून चाचणीवर होतं, लाल म्हणजे पक्कं नव्हे, पुढे तपासायचं. अट एकच, तासभर आधी तोंडात काही नको. शकुनबाईला तर काकडी चाखल्याशिवाय विकणं माहीत नव्हतं. दोनदा ती परत गेली. शेवटी रूपालीने थुंकी भरायची नळी घरीच दिली आणि सकाळी उठल्या उठल्या भरून पाठवायला सांगितलं.

सकाळी शकुनबाई चहा पिऊन भाजीच्या हर्रासाला बोली लावायला निघून गेली. रिकामी नळी राहिली नवऱ्याकडे, शालिकरामकडे. पुन्हा चक्कर कोण मारणार, थुंकी ती थुंकी, म्हणून त्याने ती स्वतःच भरली आणि पोचवून आला.

दिवा लाल लागला.

शकुनबाईला घेऊन अमरावतीला या, असा निरोप आला. घरात रडारड झाली. शकुनबाईने चांगल्या साड्या सुनेला देऊन टाकल्या. शालिकराम दोन दिवस जेवला नाही. एसटीत अर्ध्या वाटेवर त्याच्याने राहवेना.

"तो थुका माहा होता," तो खिडकीकडे पाहत म्हणाला.

शकुनबाईने डोळ्यांचा पदर काढला. मग म्हणाली, "सुनेकडून साड्या तूच वापस आनजो."

दवाखान्यात तिची स्वतःची थुंकी तपासली. काही नव्हतं. या यंत्राला बाई कोण, पुरुष कोण कळत नाही, असं ती सगळ्यांना सांगू लागली. डॉक्टर रागिणी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शालिकरामला सदरा काढायला लावला. छातीच्या डाव्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली.

"ही कधीपासून आहे?"

"वर्स झालं. फोड व्हय म्हनलं."

"पुरुषांनाही होतो हा आजार. क्वचित, पण होतो."

पुढच्या तपासण्यांत तेच निघालं, पण फार लवकर निघालं. गाठ काढली. शालिकराम घरी आला, त्या दिवशी शकुनबाईने रूपालीकडून ते यंत्र मागून घेतलं आणि तळहातावर धरून पाहत बसली.

"एवढ्याशा थेंबात या यंत्राले दिसलं," ती हळूच म्हणाली. "मी तीस वर्सं याच्यासंग संसार करून राहिली, मले नाई दिसलं."

पुढच्या शिबिरात बायकांच्या मागे अकरा पुरुष उभे होते, सगळे नजर चुकवून समोरच्या कडुलिंबाकडे पाहत. रूपालीने त्यांच्यातल्या सगळ्यात पुढच्याला, फुलं विकणाऱ्या पुंजारामला, काय काम म्हणून विचारलं.

"बायकोसाठी नळी न्याले आलो," तो म्हणाला. मग जवळ सरकून आवाज उतरवला. "दोन द्या."